वेशीपर्यंतची दवंडी

हे सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. बायकोलाही अर्धंच सांगितलं. आता सगळं सांगतो.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, पिस्कॅटवेला शिकत होतो. एका मराठी घरी दिवाळीचं जेवण होतं. सोबत माझा रूममेट योंगसू, कोरियाचा. काकूंनी मला मराठीत, मग त्याच्यासाठी इंग्रजीत विचारलं, "घरी कोण कोण असतं रे?" मी आईपासून सुरुवात करून वेळ काढत होतो. योंगसू मध्येच बोलला. इंग्रजीत, सावकाश, अभिमानाने. "आमच्या दोघांचे वडील एकच काम करतात. गावाला बातमी सांगतात. माझे भोंग्यावरून, याचे ढोल वाजवून."

काका म्हणाले, "म्हणजे दवंडी?"

पाहुण्यांतल्या एकाने ताट उलटं धरून चमच्याने बडवलं. "ऐका हो ऐका! श्रीखंड वाढलंय हो!" सगळे हसले. काकू "पुरे रे" म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायच्या थांबल्या.

मीही हसलो. त्यालाही कळेल असं इंग्रजीत म्हणालो, "नाही हो, याचा काहीतरी घोळ झालाय. माझे वडील शाळामास्तर."

योंगसूने माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांना म्हणाला, "सॉरी. माय मिस्टेक."

घोळ काहीच नव्हता. मीच त्याला सांगितलं होतं, आमच्या किचनमध्ये, भात शिजेपर्यंत. तो त्याच्या 'री'बद्दल बोलत होता. री म्हणजे त्यांच्या सरकारदरबारी सगळ्यात लहान गाव. त्याचे वडील तिथले इजांग, म्हणजे गावाचे प्रमुख. एका रीमध्ये तीन-चार वाड्या. टेकडीमागे एकटं घर, एका म्हातारीचं. वडलांनी एक भोंगा मुद्दाम तिकडे तोंड करून बसवलेला. "तीही आमच्या रीमधलीच ना," तो म्हणाला. मग मी माझ्या बापाचं सांगितलं. ऐकून त्याने साधाच प्रश्न विचारला. "तुमच्या वस्तीत दवंडी कोण देतं?"

कुणीच नाही. बाप गल्लीगल्लीत ओरडायचा. खत आलंय, डॉक्टर आलाय, ग्रामसभा आहे. वेशीपाशी हलगी थांबायची. त्यापुढे आमची वस्ती. घरी येऊन तो पाणी प्यायचा आणि हलगी खुंटीला अडकवायचा. गावाला हाक मारणारा माणूस गावात धरलेलाच नव्हता. हे मला इतक्या लांब येऊन, परक्या माणसाच्या प्रश्नाने कळलं. आणि कळूनही मी एका ताटाच्या आवाजाला घाबरलो.

सेमिस्टर संपलं, तो मायदेशी गेला.

पुढच्या दिवाळीला त्याच घरी गेलो. मुद्दाम. काका नव्या मुलांशी ओळख करून देत होते, "याचे वडील मास्तर बरं का."

"नाही काका," मी म्हणालो. "माझा बाप दवंडी देतो. आम्ही महारवाड्यातले. मागच्या वर्षी मी खोटं बोललो."

या वेळी ताट कुणी वाजवलं नाही. श्रीखंडही कुणी पुढे केलं नाही. मी हाताने वाढून घेतलं, सगळ्यांमध्ये बसून खाल्लं, मग निघालो.

तेव्हापासून कुणी गाव विचारलं की आधी वस्ती सांगतो. मरेपर्यंत सांगेन. ज्याला हसायचं त्याने हसावं.

पण ज्याच्यासमोर हे बोलायचं होतं तो त्या दिवशी तिथे नव्हता. त्याच्या रीचं नाव मला अजून पाठ आहे. तेवढं लिहिलं तरी पत्र टेकडीमागच्या घरापर्यंत पोचतं, असं तोच म्हणायचा. मी लिहिलं नाही. दोनच वाक्यं होती.

योंगसू, चूक तुझी नव्हती. माझा बाप दवंडीच द्यायचा.