रापणीने ओढलेली जपानी गाडी

गोवा मोकळा झाल्यावर आरोंद्याच्या खाडीपलीकडे जुन्या वस्तूंचा बाजारच भरला होता. लिस्बनला निघालेली माणसं पियानो, कपाटं, घड्याळं, काय वाटेल ते विकत होती. मी गेलो होतो फटफटी घ्यायला. मुंबईच्या छापखान्यात काही वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून साठवलेले पैसे खिशात होते. आलो तो दोन माणसांची, बिनछपराची, तांबडीभडक जपानी मोटार घेऊन.

फटफटी विकून गेली होती. विकणारे वकीलसाहेब म्हणाले, "गाडी आहे. कुणी घेत नाही. दोनच माणसं बसतात आणि सुटे भाग मिळत नाहीत." मी गाडीकडे पाहिलं. जमिनीला लागून, लांब नाकाची, झेप घ्यायला दबा धरून बसलेली. तेव्हा मी पंचविशीच्या आत होतो आणि मी लिहायचो त्या पत्रकांत उद्गारचिन्हं फार असत. त्या गाडीत मला एक उद्गारचिन्ह दिसलं. दुसरं काही कारण सांगितलं तर ते खोटं होईल.

चालवायला त्यांच्या ड्रायव्हरने एका दुपारी शिकवलं. दोन होड्या जोडून वर फळ्या ठोकलेल्या सांगडीवर गाडी चढवली, तेव्हा होडीवाला तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "पाळणो मा हो? ह्येका चाकां कोणी लावली?" सांगडीवर आमच्याबरोबर दोन शेळ्या होत्या. गाडीपेक्षा त्या उंच दिसत होत्या.

सावंतवाडी, कुडाळ करत मी मालवणात पोचलो तो नखशिखांत तांबडा. जांभ्याच्या रस्त्यावर एस.टी.मागे अशा गाडीत बसणं म्हणजे पिठाच्या गिरणीत तोंड घालणं. बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांत तिची चाकं मावत नसत आणि मधल्या उंचवट्यावर पोट घासे. पण मोकळा पट्टा आला की ती अशी काही निघायची, की मी एकटाच मोठ्याने ओरडत होतो. घोषणा नव्हती ती. नुसताच ओरडत होतो.

दारात आई उभी होती. तिने गाडी पाहिली, मला पाहिलं.

"ह्या काय हाडलंस रे? अर्धी गाडी? उरलेली अर्धी मागसून येतली काय?"

"आये, ही एवढीच आसा."

"नि छप्पर?"

"नाय."

"मगे पावसात काय करतलंस?"

"भिजतलंय."

"बरा," ती म्हणाली, पदर खोचून आत बसली आणि बाजारात चल म्हणाली. येताना मांडीवर बांगडे मासळीची टोपली होती. आईचा प्रश्न तिथेच मिटला. प्रश्न बाबांचा होता.

आमच्या घराच्या पडवीत छापखाना होता. एक पायाने चालवायचं ट्रेडल मशीन आणि खिळ्यांच्या केसी, म्हणजे खणाखणांच्या पेट्या. मी अक्षरं शिकलो ती बाबांच्या पत्रकांच्या कच्च्या छाप्यांवरून, त्यामुळे मला आधी 'निषेध' वाचता आलं आणि मग 'बगळा'. बाबांनी तरुणपणी आमच्याच अंगणात विलायती कापडाची होळी केली होती. अंगाला खादी, पायाला गावच्या चांभाराची वहाण. कुठेही चालत जाणार. मी मुंबईहून परत आलो तो त्यांच्याबरोबर काम करायला. मी लिहायचं, त्यांनी जुळवायचं, मी मशीन मारायचं, असं आमचं चाललं होतं आणि त्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात नव्हतं.

बाबा बाहेर आले. गाडीला हात न लावता त्यांनी पुढचं नाव वाचलं.

"खंयची?"

"जपानची."

"जपानात गावठी पत्रो चांगलो मिळता काय?"

"बाबा, तुमी एकदा बसान तरी बघा."

"ही गाडी ह्या अंगणात आसा तोवर तुझा एकय पत्रक मी जुळवूचंय नाय," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांनी शब्द पाळला. माझ्या मजकुराचे कागद केसीवर पडून राहिले. मी स्वतः जुळवू शकत होतो, पण बाप समोर बसून भिंतीकडे बघत असताना खिळे उचलायचे, हे मला जमेना.

आमच्या घरात भांडण तोंडाने होत नसे. दुसऱ्या दिवशी दारातल्या पोफळीच्या खांबावर बाबांचं पत्रक चिकटलेलं होतं: 'एका घरातील परदेशी गाडी'. घराचं नाव नव्हतं, पण खांब आमचा होता. मजकूर असा की ज्या अंगणात विलायती कापडाची राख पडली, त्याच अंगणात आज परदेशी पेट्रोलचा धूर. रस्त्याने जाणारे लोक थांबून वाचू लागले. मी रात्री हाताने लिहून उत्तर चिकटवलं: 'जपान आशियात आहे!' आणि खाली, जरा बारीक अक्षरात: 'पडवीतील छपाईयंत्र कोठले?' कारण ते चक्क इंग्लंडचं होतं. बाबांचं प्रत्युत्तर: 'यंत्र ज्ञान देते. गाडी धूळ देते.' खांबासमोर बायका घागरी खाली ठेवून वाचत आणि ज्यांना वाचता येत नसे त्यांना वाचून दाखवत. एका म्हाताऱ्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "आज तुझा उत्तर खंय आसा? मी मुद्दाम इलंय."

हसायला येत होतं, पण मला ते फार लागलं होतं. गाडीला दोनच जागा. डावीकडची रिकामी घेऊन मी रोज फिरत होतो आणि ती कुणासाठी होती हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

एकदा मात्र मी बाबांना पकडलं. गाडीबरोबर तिची माहितीपुस्तिका आली होती, सगळी जपानी अक्षरांत. ती मला सापडेना. बघतो तर बाबा पडवीत भिंग लावून तिची पानं उलटत होते.

"छपाई बरी आसा," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "शाई एकसारखी."

"गाडीय तशीच आसा."

त्यांनी पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली.

गाडी चालवणं म्हणजे रोज नवी युक्ती. पेट्रोल डब्यात आणून फडक्यातून गाळून ओतायचं. पंख्याचा पट्टा तुटला तेव्हा सायकलची ट्यूब कापून बांधली, आणि ती टिकली. खाऱ्या वाऱ्याने पत्र्यावर फोड यायचे, तर आई खोबरेल तेलाचा बोळा फिरवायची. त्यामुळे दुपारी उन्हात गाडीला मुलींच्या वेणीचा वास येई. पण तिला धावायला रस्ताच नव्हता. सरळ आणि सपाट जागा आमच्या मुलखात एकच, समुद्राची पुळण. ओहोटीला ओली वाळू सिमेंटसारखी घट्ट होते; बैलगाड्यासुद्धा तिथून जातात. म्हणून एका सकाळी मी तारकर्लीच्या पुळणीवर गाडी घातली.

काय धावली ती! एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला माड, आणि मधोमध मी. टिटव्या उडत होत्या. पुढे माणसं दिसली. रापण लागली होती.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. होडीतून मोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याच्या दोन टोकांचे दोर किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात. अख्खी वाडी दोरीला असते. नियम एकच, ज्याचा हात दोरीला लागला त्याला मासळीत वाटा. आणि दुसरा नियम कुणी बोलत नाही, पण सगळे पाळतात: रापण ओढली जात असताना हात न लावता पुढे जायचं नाही. गावातला कितीही मोठा माणूस असो, वहाणा काढून क्षणभर तरी ओढतो.

मी गाडी थांबवली, वहाणा काढल्या आणि दोरी धरली. तेव्हा समोरच्या रांगेत खादीचा सदरा दिसला. बाबा. चालत चालत सकाळीच इथवर आले होते. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघांनी समुद्राकडे पाहिलं.

जाळं आलं, तारली फडफडली, वाटे पडले. मी माझा वाटा घेऊन वळलो, तर गाडीची चाकं अर्धी वाळूत. ओल्या वाळूवर गाडी चालवावी, उभी करू नये, हे इथल्या बैलालाही कळतं. पण रापण दिसल्यावर इथला कोण माणूस थांबणार नाही? मी इंजिन सुरू केलं, तशी ती आणखी खाली बसली. आणि भरती लागली होती. एक लाट येऊन मागच्या चाकाला चाटून गेली.

रापणीचा तांडेल, म्हणजे सगळ्यांना हुकूम देणारा म्हातारा, कमरेवर हात ठेवून बघत होता. "दोरी हाडा रे!" तो ओरडला. रापणीचा दोर गाडीच्या पुढच्या दांड्याला बांधला आणि मग त्याने टोपी काढून देवाला गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!" सगळे म्हणाले.

"आज ह्या झिलान आपली गाडी दर्याच्या तोंडात दिल्यान. ती तांबडी आसली तरी कोळंबी न्हय, म्हणान दर्यान ती ठेवन घेव नये, रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"जी काय चूकभूल झाली ती ह्या लेकरान केल्यान, गाडयेन नाय, रे महाराजा!"

"होय महाराजा!"

मी गाऱ्हाण्यांविरुद्ध एक पत्रक लिहिलेलं होतं. दुसरी लाट दाराला लागली तेव्हा माझाच आवाज सगळ्यांत मोठा निघाला.

दोरी ताणली. मी मागे वळून पाहिलं तर रांगेच्या शेवटी बाबा, पाय वाळूत रोवून.

"तात्यानू, तुमी?" तांडेल म्हणाला. "परदेशी गाडी ओढतास?"

"मी गाडी ओढणंय नाय," बाबा म्हणाले. "दर्यातसून कचरो काढतंय."

हय्या, हय्या करत गाडी हलली, वाळूने मोठा उसासा टाकला आणि ती माडांखाली कोरड्यावर आली. मी सगळ्यांचे आभार मानायला तोंड उघडलं, तर टोपलीवाली एक म्हातारी पुढे झाली.

"आमचो वाटो?"

"वाटो कसलो, आजये? ही काय मासळी आसा?"

"दोरी रापणीची, हात आमचे. आता काय ओढला ता बघूचा नाय. वाटो व्हयो."

"गाडयेचो वाटो कसो करतलंस गो?" कुणीतरी ओरडलं. "माका चाक नि तुका दिवो?"

"कापू नुको. बसवन फिरवन हाड," म्हातारी म्हणाली आणि टोपलीसकट आत जाऊन बसली.

मग काय, मागच्या रस्त्याने सुरूच्या बनापर्यंत जायचं आणि परत यायचं. एकेकाचा एक वाटा. म्हातारीने वाटेत दिसेल त्याला हाक मारली. तांडेल बसला तो होडीतल्यासारखा, हाताने डावं-उजवं दाखवत. एकजण डोळे घट्ट मिटून गेला आणि तसाच परत आला. म्हणाला, फार बरी गाडी आसा. सगळ्यांचं झालं, तोवर बाबा हातात दोरीत ओवलेली तारलीची गाथण घेऊन घराच्या वाटेला लागले होते.

"तात्यानू, तुमचो वाटो ऱ्हवलो!"

"माका नको," ते न थांबता म्हणाले.

मी गाडी त्यांच्या बाजूला नेली. ते चालत होते, मी तितक्याच हळू चालवत होतो. आणि मला त्यांचंच एक जुनं पत्रक आठवलं. बाहेरगावच्या एका विधवेने दोरी ओढली आणि कुणी तिचा वाटा नाकारला, तेव्हा त्यांनी लिहिलेलं. मी ते लहानपणी अक्षर लावून लावून पाठ केलं होतं. मी मोठ्याने म्हटलं: "'ज्याचा हात दोरीला, त्याचा वाटा ठरलेला. वाटा बुडवणारा आणि वाटा नाकारणारा, दोघेही दोरीचे गुन्हेगार!'"

बाबा थांबले.

"ता मी लिवलंय?"

"लिवलास तुमीच, जुळवलासय तुमीच."

मागून सगळी रापण बघत होती. बाबांनी एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा हातातल्या मासळीकडे. मग वहाणा झटकल्या, दार उघडलं आणि बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. सुरूचं बन आलं. तिथे मी वळायला वेग कमी केला.

"ह्येच्यापेक्षा जोरात जायत नाय?"

"जाता."

"मगे?"

मी वळलो नाही. थेट मालवणला आलो. केस वाऱ्यावर उभे राहिलेले बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. घरासमोर आई खांबाला टेकून उभी होती. तिने त्यांच्या हातातली मासळी तेवढी घेतली.

सकाळी खांबावर नवं पत्रक होतं, शाई अजून ओली.

'चूकदुरुस्ती. आमच्या मागील पत्रकात "परदेशी गाडी" असे छापले गेले होते. ती गाडी गावातील हातांनी दर्यातून ओढून काढली असल्याने त्या जागी "गावची गाडी" असे वाचावे. पेट्रोलविषयीचे आमचे मत कायम आहे.'

मी पडवीत गेलो. बाबा केसीसमोर बसले होते, जुळणीची पट्टी हातात.

"बघत काय ऱ्हवलंस?" ते म्हणाले. "तुझो मजकूर खंय आसा? हाड हयसर."