वरच्या मजल्यावरचं हॉलंड

भाडेकरूंचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते भाड्याबरोबर दर महिन्याला आपोआप येतात. बदनापूरच्या आमच्या घरात वरच्या दोन खोल्यांत आजवर तलाठी राहिले, मास्तर राहिले, बँकवाले राहिले. पण यान आणि आनेकाने सगळ्यांना मागे टाकलं!

यान हॉलंडचा. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत दोन वर्षांसाठी आलेला. सोबत बायको आनेका आणि सहा वर्षांची सोफी. आल्यापासून सोफी आईबापाशिवाय कोणाशी एक अक्षर बोलत नव्हती. शाळेत नाही, अंगणात नाही. आनेकाने मला सांगूनच टाकलं, "दिवाळीपर्यंत बघते. नाहीच रुळली, तर मी तिला घेऊन परत जाणार."

घरात इंग्रजी बोलणारी मी एकटी, म्हणून दुभाषी मीच. आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "लेकराला बोलतं कराया काय लागतंय? खाऊ घाला बराबर!"

*

आईने लगेच धपाटे वर पाठवले. आनेकाने डबा घासूनपुसून, 'थँक्यू' म्हणून परत केला. आई झाकण उघडून बघतच राहिली.

"रिकामा?"

मी वर जाऊन समजावलं, की आमच्यात शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चिमूटभर साखर तरी घालतात. दुसऱ्या दिवशी डबा भरून आला. आत उकडलेले बटाटे. मीठ नाही, तिखट नाही!

आईने एक खाल्ला, जरा विचार केला आणि म्हणाली, "चांगलंय. टायफॉइडमंदी बिलकुल चालंल!"

मग त्याच डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून तिने वर पाठवली.

*

मग सोफीचा वाढदिवस आला. हॉलंडमध्ये वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन जमलेल्या सगळ्यांचं करतात. आनेकाने आईचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं, बाबांचं केलं, माझं केलं. तेवढ्यात सिलिंडर घेऊन गॅसवाला आला. त्याचंही केलं!

तो बावरला. "म्या काय केलं, ताई?"

बाबा म्हणाले, "घ्या हो! आजकाल कुनी देतंय का?"

सोफी तेव्हा टेबलाखाली होती. केकही तिने तिथेच खाल्ला. आनेका हसत होती, पण तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

*

त्यांच्याकडे म्हणे रविवारी अख्खी कुटुंबं नुसतीच चालायला जातात. काम काही नसतं! आनेकाही सोफीला घेऊन शेताच्या रस्त्याने निघाली. पण प्रत्येक मोटरसायकल थांबायची. "कुठं सोडू, मॅडम?" कुठेच नाही, हे उत्तर कोणाला पटेना.

शेवटी एक ट्रॅक्टरवाले काका इतके काळजीत पडले, की दोघींना ट्रॉलीत बसून घरी यावंच लागलं. दोघी वर गेल्यावर काकांनी बाबांना बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "घरात काही भांडण झालं का? बाई लेकरू घेऊन पायी निघाल्त्या!"

*

पोळ्याला आम्ही सगळे टेंभुर्णीला, माझ्या मामाकडे गेलो. मामाने यानला विचारलं, "तुमच्यात बैलाचा सण न्हाई का?"

यान म्हणाला, बैलाचा नाही. पण हिवाळाभर गोठ्यात कोंडलेल्या गाई उन्हाळ्याच्या तोंडाला कुरणात सोडतात, तेव्हा त्या आनंदाने उड्या मारतात. ते बघायला लोक लेकराबाळांसकट जमतात.

मामा खूश! "म्हंजे तिकडं गाई नाचत्यात अन् मानसं बघत्यात. इकडं मानसं नाचत्यात अन् बैल बघत्यात!"

तेवढ्यात सोफी बैलाच्या कानाशी जाऊन काहीतरी पुटपुटली. शेजारी मामाच उभा होता. मी धावले. "बोलली! काय बोलली, मामा?"

"मला काय म्हाईत? बैलाला इचार!"

परतताना आनेका म्हणाली, "बैलाशी बोलली. माणसाशी नाही." त्याच आठवड्यात तिने दिवाळीनंतरची दोन तिकिटं काढली. आईला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

*

जायच्या आधी त्यांना एकदा घनसावंगीला, माझ्या बहिणीच्या शेतावर न्यायचं होतं. जालन्याहून जीप धरली. यान कामावर, म्हणून आम्ही तिघीच. सोफी माझ्या मांडीवर. माणसं कोंबून कोंबून ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर लटकलेला. त्याने घाम पुसला आणि म्हणाला, "बास! आता मुंगी बी शिरायची न्हाई."

जीपवाल्याच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं!

इतक्यात एक बाई कडेवर लेकरू घेऊन पळत आली. ड्रायव्हरने हात हलवला. "जागा न्हाई, मावशी. मागची धरा."

बाई तिथेच थबकली. जीप सुरू झाली.

"ओ, थांबा की! बसंल की ती! सरका जरा!"

कोवळा आवाज, पण खणखणीत. सगळे इकडेतिकडे बघायला लागले. समोरच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, "कोन बोलून राह्यलं हे?"

"म्या," सोफी म्हणाली. "सरका की, आबा!"

आबा सरकले. त्यांच्या शेजारचा सरकला. आनेकाने माझं मनगट गच्च धरलं. "काय म्हणाली? काय म्हणाली ती?"

मी सांगितलं.

आनेका सरकली.