तांदूळ निवडणारी आई

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही—आणि तिला तर मी ऑफिसातली चहावरची भांडणंसुद्धा सांगायचो.

भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात, प्रसिद्धी विभागात मी होतो. दरवर्षीचं कॅलेंडर माझ्याकडे. वर्ष संपलं की टाउनशिपमधले लोक तारखांचा भाग कापून टाकत आणि वरचं चित्र काचेत मढवून बैठकीत लावत. एका वर्षी मी वझलवारांचं चित्र मागून आणलं. नागपूरचे, आमच्याच ड्रॉइंग ऑफिसातले; पुढे चित्रकार म्हणून देशभर नाव झालं. चित्रात त्यांची आई तांदूळ निवडत बसलेली. दमलेली, ओठ मिटलेले.

असा चेहरा वर्षभर भिंतीवर कोण सोसणार?—असं मला वाटलं. साहेबांनी काही म्हटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? मीच छापखान्यात सांगितलं—बाई जरा उजळ करा, हातात बांगड्या भरा, हसू द्या.

कॅलेंडर निघाल्यावर वझलवार माझ्या टेबलाशी आले. “आई अशी हसायची नाही रे,” एवढंच म्हणाले. मी म्हटलं, छापखान्यानं परस्पर केलं. त्यांनी विश्वास ठेवला, उलट माझीच समजूत घातली. लाज वाटली का? संध्याकाळपर्यंत वाटली.

पुढे तेच हसू डायऱ्यांवर, चहाच्या डब्यांवर गेलं. आज वझलवार म्हटलं की लोकांना तेच आठवतं. सगळं हाताबाहेर गेलंय, आता काही सुधारणार नाही. पण एवढंच असतं ना—तर मी गप्प राहूनही जगलो असतो.

वझलवार गेल्यावर त्यांच्या मुलीनं, सुनंदानं, भोपाळात प्रदर्शन भरवलं. मूळ चित्र मधोमध. टाउनशिपची माणसं यायची, थबकायची, हिरमुसायची. “ये वो नहीं है. असली में तो अम्मा मुस्कुराती हैं, हमारे घर में टँगी है.” एकानं तर मढवलेलं कॅलेंडरच आणून दाखवलं. सुनंदा गोंधळली. आजी तिच्या जन्माआधीच गेलेली. तिनं मला विचारलं, “काका, तुम्ही तर बाबांसोबत होतात. खरं कोणतं?”

एका वाक्याचं काम होतं. पण भोवती सगळी माझ्या ओळखीची माणसं—आणि मी म्हणालो, “हसरंच. त्याचं मूळ छापखान्यात गहाळ झालं. हे त्याआधीचं, कच्चं.”

तिनं मान हलवली. कॅलेंडर मधोमध लावायचं ठरलं. मूळ चित्र जड होतं, तिला एकटीला उतरवेना. दुसरं टोक मी धरलं.