घरघर थांबली तेव्हा

दाजींचं आयुष्य यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं, त्यामुळे आता निवांतपणी घरच्या स्पीकरमधली बारीक घरघर त्यांना सोसेना. वीज गाळून देणारा पॉवर कंडिशनर आणला, तरी ती हटेना. शेवटी त्यांनी ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली, गळकी वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार काढली. घरघर थांबली.

“ऐका मेहुणे, कशी शांतता आहे,” ते म्हणाले.

मी ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला बोट लावलं. झिणझिण्या आल्या. पत्र्यात वीज उतरली होती, आणि ताई ओलं फडकं घेऊन तोच पुसायला येत होती.

“ताई, तिथेच थांब.” मी मेन स्विच पाडला.

“किती घाबरट तुझा भाऊ,” दाजी हसले. मी झिणझिण्यांचं सांगितलं, तसं त्यांचं हसू विरलं. त्यांनी लगेच तार परत जोडली.

आता घरघर चालूच असते. थांबली की तार सुटली असेल म्हणून दाजी आधी ताईला हाक मारतात, “हात लावू नकोस!”