काळ्याची तीन ओळींची मांडणी

बँकेच्या पालीच्या शाखेतून एसटीने घरी येईपर्यंत माझ्यात भात टाकण्यापुरताच जीव उरलेला असतो. त्या संध्याकाळी पडवीत पट मांडून दादा माझी वाट बघत बसला होता. हा माझा थोरला भाऊ. उभा जन्म बोटीवर काढला, आता माझ्याकडेच असतो. बुद्धिबळ मला त्यानेच शिकवलं. आता मी त्याला हरवते, पण तो विषय आम्ही दोघंही काढत नाही.

"काळ्यासाठी नवी मांडणी काढलीय. रविवारी स्पर्धेत हीच खेळणार. बघ गो, कशी वाटते."

खांद्यावरची पर्सही न उतरवता मी बघितलं. प्यादी एकेक घर पुढे, उंट कोपऱ्यांजवळ, घोडे राजा-वजिराच्या पुढ्यात. तिसऱ्या ओळीपलीकडे एक मोहरा नाही. मधला सगळा पट पांढऱ्याला आंदण.

डोकं आधीच ठणकत होतं. "हे काय खेळणं झालं, दादा? दार लावून आत बसायचं?" मी पांढऱ्याची प्यादी धडाधड पुढे रेटून दाखवली. "हे बघ, घोड्याला हलायला जागा नाही. गुदमरून मरशील."

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "थांब, ते मधलं प्यादं मारून दाखवतो."

त्याचा उजवा हात हल्ली कापतो, म्हणून चहा मी अर्धा कपच देते. पण पटावरून जाताना तो हात मी कधी नीट पाहिलाच नव्हता. मधल्या घरापर्यंत पोचेस्तोवर त्याने दोन प्यादी आणि एक उंट लोळवला.

"मागच्या स्पर्धेत असंच चाललं होतं. समोरचा बिचारा दर वेळी सगळं उचलून परत लावायचा. मलाच लाज वाटली, डाव सोडून दिला. बरा होता गो तो डाव."

घरी येऊन मला फक्त 'हरलो' म्हणाला होता. मी पर्स उतरवून ठेवली.

"आता मारामारी माझ्या दारात होऊ दे," तो म्हणाला. "इथवर हात सरळ जातो."

भात राहिला. मी खाली बसले, मोहरे पुन्हा लावले आणि या वेळी पांढऱ्याच्या बाजूने खरंच विचार केला.

"आणि पांढरा जवळ आलाच नाही तर? लांबूनच कोंडत राहिला तर?"

"तर हरेन," दादा म्हणाला. "पण डाव संपेपर्यंत बसून हरेन."