तेविसावं वळण

ब्रेककाका हे नाव त्यांना मुलीच्या ऑफिसातल्या मंडळींनी ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की नाव ठेवणाऱ्यांची पाठच थोपटावी. चौतीस वर्षं ते सरकारच्या रस्ते खात्यात ड्राफ्ट्समन होते. स्वतः गाडी चालवताना काटा चाळिसाच्या वर म्हणून जायचा नाही. मुलगी चालवत असली की हे शेजारी बसून उजवा पाय समोर असा दाबून धरायचे, जणू ब्रेक तिथेच आहे. त्या जागी गाडीतला पायपोस झिजून त्याला भोक पडलं. मुलीने नवा आणला, तोही वर्षभरात गेला.

माणूस नाकासमोर चालणारा, आणि जन्मभर काढली मात्र वळणं. वळणाबद्दल त्यांचं मत पक्कं होतं. गाडीत झोपलेल्या बाळाला वळण आलेलं कळता कामा नये! त्यांच्या वळणांवर आजवर कुणी दगावलं नाही, हे ते स्वतः कधी सांगायचे नाहीत. बायको सांगायची आणि ते मान खाली घालून, पण कान देऊन ऐकायचे.

मुलगी त्यांच्याच खात्यात लागली, तेव्हा त्यांना आभाळ ठेंगणं झालं होतं. तीन वर्षांत तिने ती नोकरी सोडली आणि व्हिडिओ गेम बनवणाऱ्या सात जणांच्या कंपनीत गेली. "गेम?" एवढंच ते म्हणाले. त्यानंतर दीड वर्ष त्यांनी तिच्या कामाचा विषय काढला नाही. जेवताना हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, वाढ म्हणायचं, पुरे म्हणायचं. दोघंही एकमेकांच्या जिवाला जपत होती आणि दोघंही आतून कुढत होती.

आणि एका सकाळी चहा पिता पिता मुलगी म्हणाली, "बाबा, एक रस्ता मोजून द्याल?"

व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये सीटवर बसून, स्टिअरिंग धरून खेळायचं रेसचं एक जुनं मशीन होतं. तोच गेम घरच्या टीव्हीवर, हातातल्या पॅडवर खेळता येईल असा करायचं काम तिच्या कंपनीने घेतलं होतं. मूळ नकाशे ते मशीन बनवणाऱ्यांच्याच जागाबदलात हरवले होते. "आम्ही नजरेने पाहून रस्ता काढला," ती म्हणाली, "पण जुने खेळणारे बसतात आणि म्हणतात, हा तो रस्ताच नाही. ज्या बाईंनी तो रस्ता पहिल्यांदा काढला, त्या महिन्याभराने येऊन खेळून बघणार आहेत. त्यांनी नाही म्हटलं की परवानगी गेली. माझा पहिलाच गेम आहे, बाबा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "लांबी किती?" त्यांनी विचारलं.

ऑफिस एका लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे फरशी कायम कोमट. मशीन एवढं अवाढव्य की ठेवायला जागा मिळाली ती बाथरूमच्या दाराशी. दार अर्धंच उघडायचं आणि जाडसर माणसांची पंचाईत व्हायची. काकांनी मशीनच्या काचेवर पारदर्शक कागद चिकटवला, मेणाची पेन्सिल घेतली आणि रस्त्याच्या कडेचे पांढरे खांब मोजायला सुरुवात केली. मोजलेलं सगळं जाड पुठ्ठ्याच्या मोजणीवहीत, खात्यात लिहायचे तसं, शाईने.

तीन दिवसांत ते चौथ्या वळणापर्यंत पोचले. कारण मशीनमधली गाडीसुद्धा ते तीसच्या वेगाने हाकत होते! त्यात भानगड अशी की सत्तर सेकंदांत पुढची कमान गाठली नाही तर गेम संपतो. "काका, पुढचा रस्ता बघायचा तर पळवावी लागेल," ऑफिसातली मंडळी हसून म्हणाली. पळवणं काकांना मंजूर नव्हतं. पण मोजणी अर्धवट सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरी जेवण झालं की ते रिकामं ताट दोन्ही हातांत धरून डावीकडे, उजवीकडे फिरवत बसायचे. "अहो, ते ताट घासायला टाकायचंय," बायको म्हणायची. "थांब गं, बोगदा आलाय," हे म्हणायचे.

नवव्या दिवशी ते पहिल्यांदा शेवटच्या, तेविसाव्या वळणावर पोचले. लांबलचक सरळ उतार, आणि त्याच्या टोकाला समुद्रावर अचानक काटकोनात मोडलेला रस्ता. ना कठडा, ना पाटी. त्यांनी डोळे मिटले आणि गाडी समुद्रात गेली.

"हे कोणा अडाण्याने काढलंय?" ते कडाडले.

तिथली मापं घ्यायला त्यांना आणखी आठ दिवस लागले. ती त्यांनी वहीत जशीच्या तशी उतरवली. पण नकाशा काढायला बसल्यावर हात काही पुढे सरकेना. असं वळण त्यांनी जन्मात काढलं नव्हतं. शेवटी त्यांनी ते चाळीस मीटर अलीकडून सुरू केलं, पार सैल केलं आणि आधी बाणाची एक पाटीही लावून दिली. कुणाला सांगितलं नाही. चूक सुधारून दिली, त्यात सांगायचं काय, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

ठरल्या दिवशी बाई आल्या. ठेंगण्या, खांद्याला कापडी पिशवी. चपला काढून सरळ टीव्हीसमोर फरशीवर बसल्या आणि म्हणाल्या, "छान ऊब आहे हो इथे." मग खेळायला लागल्या. पहिल्या वळणाला हसल्या, सातव्याला "अगदी तेच" म्हणाल्या. बावीस वळणं झाली. मुलीचा चेहरा फुलला होता. तेविसावं वळण आलं, आरामात गेलं, आणि बाईंनी पॅड खाली ठेवलं.

"हे माझं नाही."

मुलगी पुढे झाली. "बाई, एकेक खांब मोजून काढलंय. माझ्या वडिलांनी मोजलंय. त्यांचं माप चुकत नाही."

ते वाक्य काकांच्या काळजात रुतलं. आपण तिच्या कामावर दीड वर्ष विश्वास ठेवला नाही, आणि ही पोर आपल्या कामासाठी चारचौघांत छातीठोकपणे उभी आहे. त्यांना स्वतःची लाज वाटली. ते उठून उभे राहिले.

"माप चुकलेलं नाही," ते म्हणाले. "मी बदललं. मला ते धोक्याचं वाटलं."

"धोक्याचंच आहे ते," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. उलट कुणीतरी आपली वळणं इतकी बारकाईने पाहिली याचं त्यांना कौतुकच वाटलेलं दिसत होतं. "बावीस वळणं माणूस शिकतो ती याच्यासाठी. इथे ब्रेक मारला की घसरलाच. पाय नुसता उचलायचा आणि गाडीला जाऊ द्यायचं. अहो, इथे कुणी मरत नाही. समुद्रात गेला तर परत पहिल्यापासून. म्हणून तर मला असं काढता आलं." मग घड्याळ बघून म्हणाल्या, "माझी पाचची गाडी आहे. तोवर बसते मी."

एक वाजला होता. काकांनी वही उघडली. नकाशात त्यांनी हवी ती दुरुस्ती केली असेल, मोजणीत मात्र उभ्या आयुष्यात खोटं लिहिलं नव्हतं. लहानपणी मुलगी त्यांच्या टेबलाशी उभी राहून आकडे वाचून दाखवायची आणि ते रेघा ओढायचे. आज ते वाचत होते आणि ती कीबोर्डवर बोटं चालवत होती. शेवटचा आकडा त्यांनी दोनदा वाचला. "नक्की ना, बाबा?" तिने विचारलं. "नक्की," ते म्हणाले. "आहे तसंच ठेव."

साडेचारला बाई पुन्हा खेळल्या. तेविसाव्या वळणावर चक्क ओरडल्या आणि हसत सुटल्या. "झालं! हेच ते!" पिशवी खांद्याला लावून निघता निघता त्या दारात थांबल्या. "आणि ती बाणाची पाटी राहू द्या. सांगून ढकलायला काय हरकत आहे?"

गेम घरोघरी गेला तसा काकांच्या घरीही आला. बायकोची मजल पाचव्या वळणापर्यंत जाते, आणि तिला तेवढं पुष्कळ वाटतं. काका कोचावर ताठ बसून खेळतात. पॅडला पेडल नसतं, पण प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय सतरंजी दाबतो. आता सतरंजीही झिजायला लागली आहे.

एके दिवशी मुलगी शेजारी येऊन बसली. लांब उतार सुरू झाला, बाणाची पाटी आली. ती टीव्हीकडे बघतच नव्हती, त्यांच्या पायाकडे बघत होती. पाय उचलला गेला. चांगला वीतभर वर, आणि तिथेच राहिला. गाडी समुद्राला चाटून वळली आणि रेषेपार गेली. मुलीचे डोळे भरून आले.

"काय गं," ते पडद्याकडेच बघत म्हणाले, "यानंतर कुठला गेम घेतलाय तुम्ही?"

ती सांगायला लागली. पुन्हा खेळायचं का, असं विचारत पडद्यावरचे आकडे नऊ, आठ, सात करत उतरत गेले, शून्यावर पोचले. बटण कुणीच दाबलं नाही.