माळा कुणी बांधला

गल्लीत तिला कडक काकू म्हणतात. ती इस्त्री करते म्हणून, आणि कुणावर चटकन विश्वास ठेवत नाही म्हणूनही. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तिची एक खोली. दाराशी इस्त्रीचं टेबल, मागे शेगडी, वर लाकडी माळा. माळ्यावर मुलगा आणि सून झोपतात. तो माळा तिच्या नवऱ्याने खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेला. नवरा गेला, माळा टिकला.

इमारत जतन करायची ठरली आणि पाहणीचे साहेब आले. त्यांनी चहा नको म्हटलं, तेव्हाच काकूच्या मनात पाल चुकचुकली.

"हा माळा कधीचा?"

विनापरवाना बांधकाम पाडतात, एवढं तिला ठाऊक होतं.

"सासऱ्यांच्याही आधीचा. आम्ही आलो तेव्हा होताच."

साहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी भराभर फोटो काढले. पुढच्या आठवड्यात दारावर नोटीस लागली: माळा मूळ बांधकामातला आहे, त्यावर वावरू नये, सामान ठेवू नये.

"मग आम्ही झोपायचं कुठे?" सुनेने विचारलं.

"टेबलावर," मुलगा म्हणाला. "सकाळी आई घडी घालून ठेवेल."

काकू हसली नाही. साहेब पुन्हा आले तेव्हा तिने सांगून टाकलं, "मी खोटं बोलले, साहेब. माळा आमच्या ह्यांनी केलाय."

"मावशी, नोटीस लागली की सगळे हेच सांगतात."

"तुम्हाला जुना माळा हवाच होता. म्हणून तेव्हा लगेच पटलं."

साहेबांना ते लागलं. "सोमवारी लाकडाचे जाणकार येतील. ते सांगतील."

"आणि माझं खरं निघालं तर?"

"तर बेकायदा. काढावा लागेल."

"काढलेल्या फळ्या कुणाच्या?"

"ते कंत्राटदार बघेल," म्हणत साहेब निघाले. ते वळणापलीकडे जाईपर्यंत काकू दारात उभी राहिली. मग तिने दार लावून कडी घातली.

"पक्कड आण," ती मुलाला म्हणाली.

"आई, सोमवारपर्यंत थांबू. कदाचित ऐकतील."

"त्यांचं ऐकणं बघितलं मी. काहीही निघालं तरी माळा आपल्या हातचा जाणारच. फळ्या तरी आपल्या राहू देत. दुसरीकडे कुठे खोली मिळाली तर तिथे ठोकू."

"आणि विचारलं तर?"

"आधी खोटं बोलले तेव्हा पटलं होतं त्यांना."

सून वर चढली आणि अंथरुणं खाली द्यायला लागली.